मिक्सर, साखरेचा आकडा आणि ‘क्वाइट गुड’

मागच्या अंकात मी म्हटलं होतं, ज्यांची मुलं-भावंडं इंग्लंड अमेरिकेत आहेत किंवा जे स्वतः निघालेत त्यांनी रोजच्या जगण्यातले प्रश्न पाठवा, व्हिसाचे नकोत, ते जाणकाराला विचारलेलेच बरे. पत्रं भरपूर आली. मी लेस्टरला सात वर्षं आणि नंतर न्यू जर्सीत नऊ वर्षं संसार केलाय, त्यामुळे जे हाताखालून गेलंय तेच सांगते. एक मात्र आधीच सांगते, कारण ते पुढे प्रत्येक उत्तरात येणारच आहे. दोन्हीकडे इंग्रजी बोलतात म्हणून आपण दोन्ही देश एकाच पिशवीत टाकतो, ‘फॉरेन’ म्हणून मोकळे होतो, आणि मग एकीकडची सवय दुसरीकडे नेली की तिथेच अडकतो.

प्रश्न: ताई, माझी मुलगी लंडनहून बदली होऊन बॉस्टनजवळ चालली आहे. मी इथून दिलेला ७५० वॅटचा मिक्सर लंडनला सहा वर्षं उत्तम चालला. तो अमेरिकेत चालेल ना? शिवाय तिथे थंडीत आंबोळीचं पीठ फुगत नाही असं सगळे म्हणतात. – एक आई, सांगली

काकू, मिक्सर नका नेऊ देऊ. आपल्याकडे भिंतीत २३० व्होल्ट येतात, ब्रिटनमध्येही तेवढेच, म्हणून लंडनला नुसती पिन बदलली की काम झालं. त्यांची ती तीन चौकोनी दांड्यांची जाडजूड पिन असते ना, पोटात फ्यूज असलेली, ती. अमेरिकेत १२० व्होल्ट. तिथे तुमचा मिक्सर लावला तर तो जळणार नाही, पण नुसता कण्हत फिरेल, ताकद पाव हिश्श्यावर येते आणि ओलं खोबरं काय, साधी चटणीसुद्धा नीट वाटली जात नाही. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण ७५० वॅटच्या मिक्सरला निदान दीडहजार वॅटचा तरी घ्यावा लागतो आणि तो उचलताना कंबर धरते, मी घेतला होता म्हणून सांगते. त्यापेक्षा तिकडच्या इंडियन स्टोअरमध्ये आपल्याच कंपन्यांचे ११०-१२० व्होल्टवाले मिक्सर मिळतात, तो घ्या म्हणावं. मोबाईल-लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरात १००–२४० लिहिलेलं असतं, ते कुठेही चालतात. केस वाळवायचं मशीन, इस्त्री, इलेक्ट्रिक किटली हे सगळं लंडनलाच कुणाला तरी देऊन टाकायचं.

किटलीवरून आठवलं. ब्रिटनमधली किटली ३००० वॅटची असते, बटण दाबून कप काढेपर्यंत पाणी उकळतं. अमेरिकेतल्या साध्या सॉकेटवर १५०० वॅटच्या वर किटली नसते, म्हणजे तेवढ्याच पाण्याला दुप्पट वेळ. तिथल्या कितीतरी घरांत किटलीच नसते, लोक पाण्याचा कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवतात, हे बघून लेस्टरची माझी शेजारीण खरंच हळहळली असती. तुमच्या मुलीला चहा लागत असेल तर गॅसवर पातेलंच बरं.

पिठाचं म्हणाल तर लंडनला तिच्या घरात गरम पाण्याच्या टाकीचं कपाट होतं का विचारा. त्याला ते एअरिंग कबर्ड म्हणतात, टॉवेल-चादरी उबदार ठेवायला, आणि आपल्या बायका त्यात पीठ ठेवतात. मी डिसेंबरात रात्री पातेलं ठेवलं की सकाळी झाकण वर आलेलं असायचं. अमेरिकेत ते कपाट नसतं, तिथे ओव्हन बंद ठेवायचा आणि आतला नुसता दिवा लावायचा, तेवढी ऊब पुरते. फक्त ओव्हनवर एक चिठ्ठी लावायची ‘आत पीठ आहे’, नाहीतर घरातलं कुणीतरी पिझ्झासाठी ओव्हन सुरू करतं. आणि हो, तिथला ओव्हन फॅरनहाइटमध्ये, त्यांचं ३५० म्हणजे आपलं साधारण १८०.

प्रश्न: मी हिंजवडीत आयटीत आहे. माझे अर्धे कॉल लंडनच्या टीमबरोबर आणि अर्धे न्यू जर्सीच्या. लंडनच्या बाईंनी माझ्या डिझाइनला ‘क्वाइट गुड’ म्हटलं, मी खूश झालो, आणि दोन आठवड्यांनी ते काम दुसऱ्याकडे गेलं. मी काय चुकलो? – एक वाचक, पुणे

तू काही चुकला नाहीस रे, तुला शब्द एकाच अर्थाने शिकवला गेलाय. अमेरिकन माणूस ‘क्वाइट गुड’ म्हणाला तर ते छानच असतं. ब्रिटिश माणूस म्हणाला तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘ठीक आहे, बरं आहे’ असा, म्हणजे आपल्याकडे सासूबाई भाजीची चव घेऊन ‘हं, बरी झालीये’ म्हणतात ना, त्याच जातीचा. त्या ‘हं’ मध्ये काय आहे ते आपल्याला घरात बरोब्बर कळतं, कारण आपण त्यात वाढलोय. तसंच ते त्यात वाढलेत. त्यांना तोंडावर वाईट म्हणायचं नसतं, समोरच्याचा मान ठेवायचा असतो, आणि समोरचा समजून घेईल अशी त्यांची मनापासून अपेक्षा असते.

मला हे फार उशिरा कळलं. लेस्टरच्या ऑफिसात माझ्या पहिल्या रिपोर्टवर वरच्या बाई म्हणाल्या, ‘इट माइट बी वर्थ हॅविंग अनदर लुक’, बघावंसं वाटलं तर परत एकदा बघ, असं मी त्याचं मनात मराठी केलं, मला बघावंसं वाटलं नाही, मी पुढच्या कामाला लागले. दोन दिवसांनी कळलं की त्या माझीच वाट बघत होत्या, तो हुकूम होता. ‘आय वंडर इफ यू कुड’ हाही हुकूम, ‘परहॅप्स’ हाही बऱ्याचदा हुकूमच. वाक्य जितकं मऊ तितकं ते गंभीरपणे घ्यायचं, असं मी वहीत लिहून ठेवलं होतं.

मग न्यू जर्सीला गेले आणि तीच शिस्त घेऊन गेले. मीटिंगमध्ये गप्प बसायचे, कुणी विचारेल तेव्हा बोलू, मध्ये कशाला तोंड घालायचं. चार महिन्यांनी मॅनेजरने बाजूला घेऊन विचारलं, ‘तुला या कामात रस नाही का?’ मला रडूच आलं, कारण मी तर सगळ्यात जास्त वाचून जात होते. तिथे गप्प बसलेल्याचं मत नाही असंच धरतात. हात वर करून ‘मला हे पटत नाही’ म्हटलं तर कुणी रागवत नाही, उलट दुसऱ्या दिवशी कॉफीला बोलावतात. लंडनच्या कॉलला तू कान जास्त वापर, न्यू जर्सीच्या कॉलला तोंड. आणि लंडनच्या बाईंना सरळ विचार, ‘यात तुम्ही काय बदललं असतं?’ असं विचारलं की ब्रिटिश माणूस मोकळेपणाने सांगतो, कारण आता ते त्यानं आपणहून काढलेलं खुसपट नसतं, तू मागितलेली मदत असते.

अजून एक शब्द सांभाळ, ‘टेबल करणं’. ब्रिटनमध्ये एखादा मुद्दा टेबल करू म्हणजे आत्ता चर्चेला घेऊ, अमेरिकेत टेबल करू म्हणजे सध्या बाजूला ठेवू, अगदी उलटं. दोन्ही टीम एका कॉलवर असतील तर हा शब्दच वापरू नको. आपला ‘प्रीपोन’ही तसाच, दोन्हीकडच्या लोकांना नवा असतो.

आणि घड्याळ. हिवाळ्यात लंडन आपल्यामागे साडेपाच तास, न्यू जर्सी साडेदहा. उन्हाळ्यात साडेचार आणि साडेनऊ. पण घड्याळं पुढे-मागे करायचे दिवस दोघांचे वेगळे. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते, ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी. परत मागे करताना ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. म्हणजे मार्चात दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा नेहमीचं गणित चुकतं, त्या दिवसांत अर्धी माणसं कॉलवर तासभर आधी नाहीतर उशिरा येतात. आत्ताच कॅलेंडरमध्ये खूण करून ठेव.

प्रश्न: मी ७१ वर्षांचा, मला मधुमेह आणि बीपी. पत्नीला दमा. आम्ही तीन महिने लीड्सला मुलीकडे आणि मग तीन महिने शिकागोला मुलाकडे जाणार आहोत. औषधं आणि आजारपणाचं काय करावं? मुलं म्हणतात काळजी करू नका. – एक आजोबा, नागपूर

काका, मुलं प्रेमानं म्हणतात पण तुम्ही काळजी कराच, आणि ती निघायच्या आधी करा.

पहिलं म्हणजे साखरेचा आकडा. आपल्याकडे आणि अमेरिकेत साखर एकाच मापात मोजतात, जेवणानंतर १८० वगैरे. ब्रिटनमध्ये माप वेगळं, तिथला आकडा १८ पट लहान. आपलं १८० म्हणजे त्यांचं १०. माझ्या सासूबाई लेस्टरला आल्या होत्या, त्यांचं इकडचं मशीन बॅगेत सापडेना म्हणून तिकडचं आणलं, त्यावर आकडा आला ११.४. त्या म्हणाल्या, अगं हे तर हिमोग्लोबिन दिसतंय, छान आहे की, आणि त्यांनी समोरची जिलबी उचलली. ११.४ म्हणजे २०५ झाले. जिलबी मी हातातून काढून घेतली आणि तेव्हापासून फ्रिजवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, ‘गुणिले १८’. तुम्ही आपलं मशीन आणि पुरेशा पट्ट्या हँडबॅगेतच ठेवा, सामानात टाकू नका.

तापाचंही तसंच. आपण हवा सेल्सिअसमध्ये सांगतो आणि ताप फॅरनहाइटमध्ये, अमेरिकेत दोन्ही फॅरनहाइटमध्ये, ब्रिटनमध्ये दोन्ही सेल्सिअसमध्ये. लीड्सच्या डॉक्टरला १०१ ताप आहे असं सांगून उपयोग नाही, ३८.३ म्हणायचं.

दुसरं, औषधांची नावं. आपण पॅरासिटामॉल म्हणतो, ब्रिटनमध्येही तेच नाव. अमेरिकेत त्याच औषधाला असिटामिनोफेन म्हणतात, टायलेनॉल हा त्याचा तिथला ब्रँड. हे माहीत नसलं की माणूस दोन्ही घेतो, इथून नेलेली गोळी आणि वर मुलानं दिलेली टायलेनॉल, आणि डोस दुप्पट होतो, लिव्हरला ते फार वाईट. काकूंच्या पंपाचंही नाव बदलतं, आपलं आणि ब्रिटनचं साल्ब्युटामॉल, अमेरिकेत अल्ब्युटेरॉल. डॉक्टरांकडून औषधांची चिठ्ठी टाईप करून घ्या, ब्रँडची नावं नकोत, आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम. खाली एक ओळ अमेरिकन नावांची लिहून घ्या. सहा महिन्यांची औषधं मूळ पाकिटातच न्या, डबीत सुट्टी भरून नेऊ नका.

आता दवाखाना. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली आणि तिथल्या लोकांना ती घरातल्या माणसासारखी प्यारी आहे, तिच्याबद्दल ते तक्रारी करतील पण बाहेरच्याने केलेली त्यांना चालत नाही. पण तुम्ही पाहुणे. इंग्लंडमध्ये जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टरला दाखवणं पाहुण्यालाही फुकट, इमर्जन्सी विभागात तपासणंही फुकट. मात्र एकदा का वॉर्डात भरती झालात की बिल सुरू, आणि पाहुण्यांना ते ठरलेल्या दराच्या दीडपट लागतं. अमेरिकेत सुरुवातीपासूनच बिल. तिथे जिवावर बेतलं तर इमर्जन्सीवाले पैशावाचून परत पाठवू शकत नाहीत, तसा १९८६ पासून कायदाच आहे, पण उपचार झाले की बिल येतंच येतं आणि ते हजारो डॉलरचं असू शकतं.

दोन्हीकडचा माझा अनुभव ऐका. लेस्टरला मुलीला रात्री फणफणून ताप आला, इमर्जन्सीत पाच तास बसलो, खुर्चीवर, कुणी दोनदा येऊन बघून गेलं, शेवटी डॉक्टरनी नीट तपासलं, औषध दिलं, आणि आम्ही घरी आलो, कुणी एक पैसा मागितला नाही. न्यू जर्सीत तिचा हात मुरगळला तेव्हा वीस मिनिटांत डॉक्टर, एक्स-रे, सगळं झालं, सगळे इतके प्रेमाने बोलत होते. आणि मग तीन महिने पाकिटं येत राहिली. हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं, आणि विमा कंपनीचा एक मोठा कागद, ज्यावर सगळे आकडे आणि वर ठळक लिहिलेलं, ‘धिस इज नॉट अ बिल’. मी ते सगळं डायनिंग टेबलवर पसरून हिशेब लावत बसायचे आणि त्या पाच तासांच्या खुर्चीची आठवण यायची.

म्हणून दोन्ही देशांसाठी विमा घ्या, अमेरिकेचा तर घ्याच. घेताना आधीपासूनच्या आजाराबद्दल काय लिहिलंय ते स्वतः वाचा, कारण बहुतेक स्वस्त पॉलिसी मधुमेह-बीपीचं काही देत नाहीत. शिकागोत साध्या दुखण्याला ‘अर्जंट केअर’ नावाच्या छोट्या दवाखान्यात जायचं, इमर्जन्सीला नाही, खर्चात खूप फरक पडतो. आणि नंबर पाठ करा: लीड्सला ९९९, साधा सल्ला हवा असेल तर १११, शिकागोला ९११. ब्रिटनमध्ये अँब्युलन्सचे पैसे घेत नाहीत, अमेरिकेत घेतात, पण छातीत दुखलं तर पैशाचा विचार करत बसू नका, फोन करा.

प्रश्न: माझी नात इंग्लंडमध्ये जन्मली, आता पाच वर्षांची आहे आणि सगळे अमेरिकेला शिफ्ट होतायत. शाळेच्या प्रवेशासाठी काय लागेल? – आजी, ठाणे

आजी, बाकीचं शाळा सांगेल, मी दोनच गोष्टी सांगते. एक तारखा. माझ्या मुलीचा जन्म ७ मार्च २०११. इंग्लंडच्या लसीच्या लाल पुस्तकात ०७/०३/२०११. अमेरिकेत आधी महिना लिहितात, म्हणून शाळेच्या नर्सने वाचलं ३ जुलै. गोवराची लस होती २५/०३/२०१२ ची, पंचविसावा महिना नसतोच म्हणून ती मात्र बरोबर २५ मार्च वाचली. झालं, त्यांच्या हिशेबाने लस वर्ष पूर्ण व्हायच्या आधीच दिली गेली, आणि वाढदिवसाआधीची लस तिथे धरत नाहीत, परत टोचून आणा म्हणे. मी तिचा ब्रिटिश पासपोर्ट घेऊन गेले, त्यात महिना अक्षरात असतो, ती नर्स इतकी ओशाळली बिचारी, तिची काही चूक नव्हतीच. तर सगळ्या तारखा एका कागदावर महिना अक्षरात लिहून डॉक्टरांची सही घ्या.

दुसरं, कांजिण्यांची लस. अमेरिकेतल्या शाळा ती मागतात आणि तुमच्या नातीच्या वयाच्या मुलांना इंग्लंडमध्ये ती नेहमीच्या वेळापत्रकात मिळालेली नाही, तेव्हा ती घ्यावी लागणार हे धरूनच चाला. आणि इंग्लंडमध्ये ती चौथं सरल्यावरच रिसेप्शनला, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गाला, बसली असेल, आता अमेरिकेत किंडरगार्टनला बसवतील, ‘मागे टाकली’ असं समजून वाईट वाटून घेऊ नका, वाचायला येणारं मूल तिथे मजेत रमतं. युनिफॉर्मही सुटेल. माझी तर पहिले दोन आठवडे राखाडी स्कर्टसाठी रडत होती.

प्रश्न: मुलगी न्यू जर्सीत शिकते. दुकानात लेबलवर एक किंमत आणि काउंटरवर जास्त घेतात म्हणते. आणि हॉटेलात वीस टक्के टिप? लंडनचा भाचा तर म्हणतो टिप द्यायची गरज नाही. – जळगाव

फसवत नाहीयेत. ब्रिटनमध्ये आपल्यासारखंच, लेबलच्या किमतीत कर धरलेला असतो. अमेरिकेत सेल्स टॅक्स काउंटरवर लागतो आणि प्रत्येक राज्याचा वेगळा, न्यू जर्सीत ६.६२५ टक्के, पण तिथे कपड्यांवर लागत नाही, तेव्हा स्वेटर तिथेच घे म्हणावं.

टिपबद्दल मात्र मला मनापासून वाटतं की द्यावी. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या वेटरचा केंद्र सरकारने ठरवलेला किमान पगार तासाला २.१३ डॉलर आहे आणि तो १९९१ पासून तेवढाच आहे. बऱ्याच राज्यांत त्याहून जास्त देतात, पण बहुतेकांचं घर टिपवरच चालतं. ती बक्षिसी नाही, पगार आहे. १८-२० टक्के द्यायचे नसतील तर त्या दिवशी घरी खिचडी करावी. भाचाही बरोबरच सांगतोय, ब्रिटनमध्ये वेटरला पूर्ण किमान वेतन असतं, पबमध्ये काउंटरवर कुणी टिप देत नाही, रेस्टॉरंटच्या बिलात बऱ्याचदा साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला असतो तो आधी बघायचा, नाहीतर दोनदा दिली जाते.

प्रश्न: मी आठवीला इंग्रजी शिकवते. मुलं मोबाईलवर बघून ‘कलर’चं स्पेलिंग यू न घालता लिहितात. चूक द्यावी का? – शिक्षिका, सिन्नर

बाई, माझ्या मते चूक देऊ नका. अमेरिकनांनी स्पेलिंग आळसाने मोडलेलं नाही, नोहा वेबस्टरनी १८२८ साली आपल्या शब्दकोशात ती सोपी रूपं जाणूनबुजून घेतली, नव्या देशाची आपली भाषा हवी म्हणून. मुलांना एवढंच सांगा की एका निबंधात एकच पद्धत ठेवा. आणि सगळंच काही अमेरिकेनं बदललं असंही नाही, शरद ऋतूला ‘फॉल’ म्हणणं मूळ इंग्लंडचंच, तिकडे मागे पडलं आणि अमेरिकेत टिकलं. ‘सॉकर’ शब्दही इंग्लंडच्या कॉलेजातल्या पोरांनी काढलेला.

वर्गात एक खेळ घ्या, आपण मराठीत वापरतो ते शब्द कुठले ते शोधायचे. लिफ्ट, टॉर्च, पेट्रोल, फ्लॅट सगळे ब्रिटिश. गाडीची डिकी तर फारच गोड, जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या मागच्या उघडत्या सीटचं ते नाव, तिकडे आता बूट म्हणतात, अमेरिकेत ट्रंक, आणि डिकी राहिली आपल्याकडे. तळमजला आणि मग पहिला मजला हेही ब्रिटिश, अमेरिकेत तळमजलाच ‘फर्स्ट फ्लोअर’. मोठ्या मुलांना हे पण सांगून ठेवा की अमेरिकेत खोडरबराला इरेजर म्हणावं, कारण ‘रबर’ म्हणजे तिथे निरोध, आणि ब्रिटनमध्ये पँटला ट्राउझर्स, कारण ‘पँट्स’ म्हणजे आतली चड्डी. आपल्या पोरांवर परक्या वर्गात उगाच हसू नये कुणी.

प्रश्न: मी ६७ वर्षांची, एकटीच. मुलगा लेस्टरला होता तेव्हा दोनदा सहा-सहा महिने राहून आले, फार आवडलं. आता तो डॅलसजवळ फ्रिस्कोला गेला आहे, घर मोठं आहे, मला बोलावतो आहे. पण मैत्रिणी म्हणतात अमेरिकेत म्हातारी माणसं घरात कोंडल्यासारखी होतात. खरं का? – कोल्हापूर

मावशी, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही लेस्टरचं जे लिहिलंय, सकाळी पाऊस थांबला की छत्री घेऊन निघायचं, बसथांब्यावर कुणीतरी हवेवरून बोलणारं भेटायचं, बेलग्रेव्ह रोडला जाऊन मेथीची जुडी आणि पेढे आणायचे, उन्हाळ्यात रात्री साडेनऊपर्यंत उजेड, ते सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं. तुमच्या मैत्रिणी खोटं सांगत नाहीत. फ्रिस्को म्हणजे गाडीचं गाव. घरं लांब लांब, दुकान गाडीनेच, रस्ते सहा-सहा पदरी, आणि जून ते सप्टेंबर दुपारचं ऊन आपल्या विदर्भासारखं. लेस्टरला तुमचे पाय तुमचे होते, फ्रिस्कोला ते मुलाच्या गाडीच्या किल्लीवर अवलंबून राहतील. मोठ्या घरात चार बेडरूम आणि दिवसभर एक माणूस, ही शांतता जड जाते. माझी आई न्यू जर्सीला आली तेव्हा तिसऱ्या आठवड्यात ती खिडकीत उभी राहून कचऱ्याच्या गाडीची वाट बघायला लागली, तेवढीच हालचाल म्हणून. मी ऑफिसातून आले की ती सांगायची, आज गाडीवर दुसरा माणूस होता.

पण जाऊ नका असं मी म्हणणार नाही. जायच्या आधी मुलाशी चार गोष्टी बोलून घ्या, त्याला संकोच वाटेल, तुम्ही स्वतःला वाटू देऊ नका. आठवड्यातले दोन दिवस तुम्हाला बाहेर सोडायचं-आणायचं कोण करणार हे आत्ताच ठरवा, ‘बघू’ वर ठेवू नका. गावाची लायब्ररी मोठी नवी आहे, आत डायनासोरचा सांगाडा उभा आहे, नातवंडं असतील तर त्यांना घेऊन जा, नसतील तरी जा, अमेरिकेतल्या लायब्ररीत बसायला कुणी काही विचारत नाही. सीनियर सेंटर आहे का, तिथे पाहुण्यांना येऊ देतात का, न्यायला गाडी मिळते का, हे मुलाला फोन करून विचारायला सांगा. फ्रिस्कोत कार्यसिद्धी हनुमान मंदिर आहे, डॅलसच्या बाजूला महाराष्ट्र मंडळ आहे, आणि तुमच्याच वयाच्या, तुमच्यासारख्याच मुलांकडे आलेल्या बायका तिथे हमखास भेटतात. माझ्या आईचं पुढे तसंच झालं, देवळात एक सातारच्या बाई भेटल्या आणि मग फोन सुटेना.

आणि एक फरक तुमच्या फायद्याचा आहे. लेस्टरला शेजारणीनं दार उघडायला वर्ष गेलं असेल, आधी नुसतं हवापाणी, मग कुंपणावरून टोमॅटो, मग कधीतरी चहा. अमेरिकेत अनोळखी माणूस स्वतःहून हात हलवतो, ‘साडी किती सुंदर आहे’ म्हणतो, ते मनापासूनच असतं, फक्त त्यावर लगेच नातं बांधू नका. तुम्ही जाऊन दार वाजवलंत, घरचा लाडू दिलात, तर त्यांना आनंद होतो. कुणी ‘कम ओव्हर सम टाइम’ म्हटलं तर वाट बघत बसायचं नाही, ‘गुरुवारी चालेल का?’ असं आपण विचारायचं. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, तिथे प्रत्येकाचं कुणीतरी कुठून तरी आलेलंच असतं.

तुम्ही लिहिलंय की दोन्ही देश बघणाऱ्या तुमच्या घराण्यातल्या तुम्ही पहिल्याच. मराठी बायांत ही वाट जुनी आहे बरं का. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेजला आणि चेल्टनहॅमला राहिल्या, आणि १८८६ च्या मार्चात आनंदीबाई जोशींना डॉक्टरची पदवी मिळताना बघायला फिलाडेल्फियाला पोचल्या. तिथून त्या लवकर परतणार होत्या पण अडीच वर्षांवर राहिल्या, देशभर फिरल्या, आणि परत आल्यावर १८८९ साली अमेरिकेतल्या लोकांच्या राहणीवर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं. जुन्या लायब्ररीत मिळालं तर विमानात वाचायला न्या.

पायात चालायचे चांगले बूट घ्या आणि एक रुंद काठाची टोपी. पहाटे सहाला ऊन चढायच्या आत घरापासून फुटपाथ कुठवर जातो ते रोज थोडं थोडं चालून बघा, आणि तो कुठे संपतो ते मला पत्रानं कळवा.